धाकट्याच्या माथ्यावरचा आरसा

‘पहाटे निघालेले आम्ही पाच तरुण होतो. त्यांपैकी चौघांनी बाराच्या सुमारास थोरल्याचा माथा, म्हणजे त्या डोंगराचे सर्वोच्च टोक, गाठले. पाचवे गृहस्थ, जे पुढे गावच्या शाळेत हेडमास्तर झाले, ते मात्र खिंडीतच बसून राहिले. आमची शिदोरी त्यांच्यापाशी असल्यामुळे त्यांना कंटाळा येण्याचे काही कारण नव्हते.’

आमच्या गावच्या वाचनालयाने काढलेल्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. लिहिणारा आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या किराणा दुकानदाराचा मुलगा. आयुष्यभर मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होता, आता निवृत्त आहे, आणि निवृत्त माणसाला आठवणी लिहिण्याचा अधिकार असतो हे मी मान्य करतो. पाचवे गृहस्थ म्हणजे मी. वरच्या चार वाक्यांपैकी पहिले खरे आहे. उरलेल्या तिन्हींबद्दल मला भांडायचे आहे.

मला खादाड म्हटल्याचे दुःख नाही. खाण्याच्या बाबतीत माझी कीर्ती फारशी निर्मळ कधीच नव्हती. पण मी खिंडीत बसून राहिलो होतो असे एकदा ठरले, की माझा बाप खोटा ठरतो. माझा बाप होडीवरचा तांडेल होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे स्मरणिकेत त्याची बाजू येणे शक्य नव्हते. ती मी मांडतो. उशीर झाला आहे, पण मी अजून धडधाकट आहे.

आमचे गाव मालवणच्या दक्षिणेला, समुद्राला चिकटून. पूर्वेकडे पाहिले की स्वच्छ हवेच्या दिवशी घाटमाथ्याची निळी भिंत दिसते, आणि त्या भिंतीतून जरा पुढे आलेले दोन माथे दिसतात. त्यांना आमच्याकडे थोरला आणि धाकटा म्हणतात. थोरला पुढे, रुंद खांद्यांचा, भारदस्त. धाकटा त्याच्या मागे, आणि किनाऱ्यावरून पाहिले तर त्याचा थोरल्यामागून डोकावणारा जेमतेम कानाएवढा तुकडा दिसतो. आमच्या गावातल्या दुकानदारांनी, बागायतदारांनी, पोस्टात आणि कचेरीत काम करणाऱ्यांनी हे दोन माथे पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरूनच पाहिलेले. त्यांच्या मते थोरला मोठा हे उघडच होते. नावच थोरला!

पण समुद्रावर जाणाऱ्यांचे पाहणे वेगळे असते. होडी जसजशी आत जाते, तसतसा मागचा धाकटा वर येऊ लागतो. आधी कान, मग कपाळ, आणि किनारा पुरेसा लांब राहिला की धाकटा अख्खे डोके थोरल्याच्या वर काढून उभा राहतो. माझ्या बापाची जाळे टाकण्याची जागा अशीच ठरलेली होती. धाकटा थोरल्याच्या बरोबर डोक्यावर आला, उजवीकडे नाही, डावीकडे नाही, की खाली चिखलाचा तळ आणि चिखलात सुंगटे, म्हणजे कोळंबी. ‘धाकलो थोरल्याच्या खांद्यार बसलो, काय जाळा सोड,’ हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो आहे. जो मागे असून, लांब जावे तसा, पुढच्याच्या वर चढतो, तो पुढच्याहून उंच असलाच पाहिजे. हे समजायला भूमिती लागत नाही. होडी लागते.

एकोणीसशे साठ सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो, प्राथमिक शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि आपण घराण्यातला पहिला शिकलेला माणूस आहोत हे कोणाच्या ध्यानात राहिले नसेल तर त्याला आठवण करून देत असे. दिवाळी होऊन गेली होती, हवा धुतल्यासारखी झाली होती. सलूनच्या बाकावर बसल्या बसल्या आम्ही पाच जणांनी बेत केला, की येत्या रविवारी डोंगरावर जायचे. पाच जण म्हणजे मी, किराणा दुकानदाराचा मुलगा, पोस्टमास्तरांचे दोन पुतणे, आणि ज्याच्या बाकावर बसून बेत झाला तो सलूनवाला. तो माझ्याच वयाचा, माझा जिवाचा मित्र. त्याची बहीण डोंगराच्या अगदी पायथ्याच्या गावात दिलेली होती, म्हणून शनिवारी रात्री तिच्याकडे मुक्काम करून रविवारी उजाडायच्या आत चढायला लागायचे असे ठरले.

आजकाल असे जाण्याला ट्रेकिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळे बूट मिळतात. तिथे आता राखीव जंगल आहे, पायथ्याशी कमान आहे, पावती फाडल्याशिवाय वर सोडत नाहीत. आमच्या वेळी डोंगरावर तीनच प्रकारची माणसे जात : गुरे हरवलेली, मध काढणारी आणि वेडी. आम्ही तिसऱ्या प्रकारात मोडतो असे गावाचे एकमत होते.

माझ्या बापाने मात्र वेड्यात काढले नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळे सांधत बसला होता. मी डोंगराचे सांगितले तेव्हा त्याने सुई थांबवली.

“खंयच्या माथ्यार जातलंस?”

“सगळ्यात वरच्या.”

“म्हंजे धाकल्यार.” तो पुन्हा सांधू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “तीस वर्सां तो माका जाळा खंय टाकूचा ता सांगता. मी तेका एक दिवस भेटूक गेलंय नाय.”

“मग चला आमच्यावांगडा.”

“ह्या गुडघ्यान?” तो हसला. “तू जातंस ना? मगे तू माथ्यार ऱवान माका कायतरी दाखय. मी आयतवारी थंयच आसतलंय, माझ्या जाग्यार.”

“काय दाखवू? धूर करू?”

“धूर कोणय करता. कातकरी करता, गुराखी करता. आरसो दाखय. आरसो डोंगरार कोण नेता?”

एवढेच बोलणे झाले. पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. घरात माझ्या शिक्षणाचे कौतुक होते, तरी बापाला मी काही दाखवावे आणि त्याने ते पाहावे असे माझ्याकडे आजवर काहीच नव्हते. तो आता मला जागा ठरवून देत होता, वेळ ठरवून देत होता, आणि आपण तिथे असू असे सांगत होता.

आरसा सलूनवाल्याने दिला. गिऱ्हाइकाला मानेमागचे दाखवायचा हातआरसा, लाकडी मुठीचा, तळहाताहून थोडा मोठा. “सोमवारी सकाळी दुकान उघडूचा आसा. फुटलो तर तुझी मान तूच बघ,” असे बजावून त्याने तो आपल्या पंच्यात गुंडाळला.

शनिवारी दुपारी आम्ही एस.टी.ने कुडाळला आणि तिथून दुसऱ्या गाडीने पायथ्याला गेलो. बहिणीच्या घरी नाचण्याची पेज, कुळथाची पिठी आणि चेष्टा असे भरपेट जेवलो. पहाटे तिने पाच जणांना पुरतील अशा तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे खोबऱ्यातली कोरडी चटणी, केली, गुळाचा खडा घातला, आणि सगळे एका फडक्यात बांधले. तिच्या सासऱ्याने उंबऱ्यात उभे राहून डोंगराच्या राखणदाराला गाऱ्हाणे घातले : बा देवा म्हाराजा, ही दर्यावरची पोरां आज तुझ्या अंगाखांद्यार चढतहत, काय वावगा-वंगाळ पाऊल पडला तर सांभाळून घे. “होय म्हाराजा!” आम्ही म्हटले. मग त्याने एक नारळ दिला. “माथ्यार फोडा,” म्हणाला. कोणता माथा, ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. प्रत्येकाला वाटले, ते काय विचारायचे.

शिदोरी आणि नारळ माझ्या खांद्यावर आले. का आले? कारण चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि माझी निघाली. शिदोरी ‘माझ्यापाशी असल्यामुळे’ असे लिहिताना माझ्या मित्राने एवढे तरी लिहायला हवे होते, की त्या जड गाठोड्यासह मी सगळा डोंगर चढलो आणि तो हात हलवत.

त्या सकाळइतका आनंद मला नंतरच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झाला. आम्ही सगळे वाळूवरची माणसे. वाळूत पाय रुतवून चालण्याची सवय, त्यामुळे कठीण जमिनीवर पाय उगाचच उचलून टाकत होतो. पोस्टमास्तरांचा मोठा पुतण्या प्रत्येक वळणावर “ह्यो काय माथो?” असे विचारी आणि धाकटा पुतण्या प्रत्येक वेळी “होय, हयच ऱव, आमी जाव्न येतो,” असे उत्तर देई. रानातून वर निघालो तेव्हा कारवीच्या झुडपांवरून दव असे झडत होते, की पाऊस नसताना आम्ही भिजलो. एका ओहोळात पाण्यावर पालथे पडून, तोंड लावून आम्ही गुरांसारखे पाणी प्यायलो. सलूनवाला चालता चालता आमच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्याचा आकार आणि त्यावरून भविष्य सांगत होता. दुकानदाराच्या मुलाला त्याने सांगितले, “तुझ्या डोक्याक दोन भोवरे आसत. तू मोठो सायब होतलंस आनि खोटा बोलतलंस.” पहिले भविष्य खरे ठरले हे सर्वांना माहीत आहे.

साडेदहा-अकराच्या सुमारास आम्ही खिंडीत पोचलो. खिंड म्हणजे दोन भावांच्या मधली जागा. तिथे एक वाकडे आंब्याचे झाड होते, त्याच्याखाली गार सावली, आणि बसायला सपाट कातळ. आतापर्यंत झाडांच्या फटीतून मधूनमधून मागे समुद्राची चकाकती रेघ दिसत होती. खिंडीत आल्यावर ती गेली. पोस्टमास्तरांचा धाकटा पुतण्या चहूकडे पाहून म्हणाला, “अरे, दर्या खंय गेलो?” पश्चिमेला थोरला आडवा उभा होता. पूर्वेला धाकटा. दर्या नव्हता.

आणि इथे भांडण झाले.

दुकानदाराचा मुलगा थोरल्याकडे वळला. मी धाकट्याकडे. दोघेही चार पावले गेलो आणि मागे वळून पाहिले.

“मेल्या, खंय जातंस? माथो हय आसा!”

“तो न्हय. ह्यो वयलो.”

“ह्यो? धाकलो? मास्तर, शाळेत काय शिकयतंस? थोरलो मोठो काय धाकलो मोठो?”

मी त्याला होडीचे सांगितले. लांब जावे तसा धाकटा कसा वर येतो ते मातीत काटकीने काढून दाखवले. तो म्हणाला, समुद्राच्या लाटांवर होडी वरखाली होते, त्यात माशेवाल्यांना काय दिसते आणि काय नाही याचा भरवसा कोणी द्यावा. ‘माशेवाल्यांना’ हा शब्द त्याने ज्या सुरात उच्चारला, तो सूर मी आज पासष्टहून अधिक वर्षांनी काढून दाखवू शकतो.  नारळ उजव्या हातात घट्ट धरला आणि धाकट्याच्या वाटेला लागलो. मागून पावलांचा आवाज आला. सलूनवाला होता. “माझो आरसो तुझ्याबरोबर जाता,” तो म्हणाला, “म्हणान मी येतंय. तू काय माझो कोण लागणस नाय.”

त्या घाईत शिदोरी माझ्याच खांद्यावर राहिली, हे खरे. पण ते तिघे पाठ फिरवून निघून गेले तेव्हा त्यांच्याही ते ध्यानात आले नाही. रागावलेल्या माणसाला अर्धा तास भूक लागत नाही.

धाकट्याची चढण शेवटी शेवटी हाता-पायांनी करावी लागते. गवत धरून वर जायचे, आणि कातळात पूर्वी कोणी टाच मावेल एवढ्या खोबणी केल्या आहेत त्यांत पाय ठेवायचे. सलूनवाल्याने पंच्यात गुंडाळलेला आरसा गळ्यात बांधला होता आणि तान्ह्या बाळासारखा त्याला सांभाळत तो वर आला. मी आधी पोचलो. उभा राहिलो. आणि समुद्र परत आला.

तो किती आला हे कसे सांगू. मी समुद्रावर जन्मलो, पण तो कधी असा अख्खा पाहिला नव्हता. आपण घरात राहतो ते घर कधी बाहेरून पाहत नाही, तसे. खाली रान, मग भातकापणी झालेली पिवळी खाचरे, मग माडांची काळसर किनार, आणि तिच्यापुढे आकाशापर्यंत पाणी. होड्या दिसत नव्हत्या. एवढ्या लांबून दिसणे शक्यच नव्हते. पण बाप तिथे होता. आणि कुठे होता हे मला अगदी बिनचूक माहीत होते, कारण त्याला धाकटा थोरल्याच्या बरोबर डोक्यावर दिसत असेल, तर मला तो थोरल्याच्या बरोबर डोक्यावरून पलीकडे असला पाहिजे. तीस वर्षांची त्याची खूण मी उलट्या बाजूने पाहत होतो.

थोरल्याचा माथा माझ्यासमोर, किंचित खाली होता. किती खाली? एक माड. प्रामाणिक माणसाने याहून जास्त सांगू नये. एका वाढलेल्या माडाइतकाच धाकटा थोरल्याहून उंच आहे. आणि त्या माथ्यावर आमचे तिघे नुकतेच पोचून नाचत होते. दुकानदाराच्या मुलाची पांढरी टोपी उन्हात लखलखत होती.

“जिंकलंव!” तो ओरडला. मधल्या दरीतून आवाज स्वच्छ येत होता. “तुमी खंय आसात?”

“तुमच्या वयर!” सलूनवाला ओरडला.

पलीकडचा नाच थांबला. मग पोस्टमास्तरांच्या मोठ्या पुतण्याचा आवाज, डोंगराच्या इतिहासात सर्वांत व्याकूळ : “अरे, भाकऱ्यो खंय आसत?”

मी गाठोडे डोक्यावर उचलून दाखवले. त्यानंतर त्या तिघांनी जे शब्द वापरले ते मी मास्तर असल्यामुळे लिहू शकत नाही. सलूनवाल्याने हातातली भाकरी मोडून, सावकाश, लांबूनही नीट दिसेल अशा बेताने खाल्ली. आम्ही दोघांनी एकेक भाकरी खाल्ली, फक्त एकेक. सलूनवाल्याला जाऊन आता बरीच वर्षे झाली, नाहीतर या एकेक भाकरीवर त्याने शपथ घेतली असती.

मग मी आरसा घेतला. सूर्य डोक्यावरून कलायला लागला होता. तळहातावर उजेड पाडून पाहिला, मग हात लांब करून अंगठा थोरल्याच्या माथ्यावर धरला, अंगठ्यावर उजेड आणला आणि आरसा हळूच हलवला. माझी खूण म्हणजे दुकानदाराच्या मुलाची टोपी. टोपीच्या एक वीत वर, बरोबर तिथे माझा बाप. हात जरा कलला की उजेड खाली जाई, आणि पलीकडून ओरडा येई : “डोळे फोडतंस काय रे! आरसो बंद कर!” मी बंद केला नाही. मी इकडून तिकडे, वरून खाली, असा त्या पाण्याच्या रुंद पट्ट्यावर उजेड फिरवत राहिलो. कोणी पाहते आहे की नाही हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. समुद्राने उलट काही दाखवले नाही. मला एकदम भीती वाटली, की बाप आज गेलाच नसेल, गुडघा दुखला असेल, किंवा जाळ्यात मासळी भरली असेल आणि तो पूर्वेकडे पाहायला विसरला असेल.

“वायच हय दी,” सलूनवाला म्हणाला.

मला वाटले त्यालाही उजेड पाडायचा आहे. त्याने आरसा घेतला, खिशातून कंगवा काढला, आणि वाऱ्याने विस्कटलेले केस विंचरू लागला.

“अरे मेल्या! बापूस बघता थंय!”

“मगे? तेना माका असो झिंज्यो घेवन बघूचा?”

त्याने भांग सरळ पाडला, मागून दोनदा थापटले, डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. धंद्यातला माणूस, तो घाईत काही करत नसे. पुष्कळ वेळाने आरसा परत दिला. मी पुन्हा उजेड पाडू लागलो, हात भरून येईपर्यंत. मग आम्ही नारळ फोडला, अर्धा तिथे राखणदाराला ठेवला, अर्धा खाली घेऊन निघालो.

खिंडीत ते तिघे आमच्या आधी पोचले असे कोणाला वाटेल. तसे नाही. भुकेने धावत येत असलेले ते आम्हांला उतरताना दिसत होते, पण आमची उतरण उभी आणि म्हणून तोकडी, त्यामुळे आधी आम्ही पोचलो, आणि ते आले तेव्हा मी आंब्याखाली गाठोडे सोडून बसलो होतो. त्यांनी मला पाहिले ते असे : सावलीत, कातळावर, शिदोरीसह. हेच चित्र त्याच्या मनात राहिले असावे. माणसाला पाहिलेले आठवते, पण केव्हा पाहिले ते विसरते. इतका उदारपणा मी दाखवू शकतो. पण मग त्याने माझ्या हातून जे खोबरे खाल्ले, दोन तुकडे मागून घेतले, ते खोबरे कोणत्या नारळाचे होते? माथ्यावर फोडायचा नारळ खिंडीत बसलेल्या माणसाने फोडला, आणि तो त्याने प्रसाद म्हणून खाल्ला? राखणदाराच्या नावाने मी त्याला हा प्रश्न विचारतो.

त्या कातळावर आम्ही जेवलो. किसमूर वाऱ्याने उडत होती, ती धरून धरून खाल्ली. भांडण केव्हाच मिटले होते. मोठा पुतण्या चौथी भाकरी खाताना म्हणाला, की खरा माथा हाच, कारण इथे जेवण आहे. आम्ही इतके हसलो की धाकट्या पुतण्याला ठसका लागला आणि त्याच्या पाठीवर थापा मारताना सगळे पुन्हा हसलो. उतरताना तर आम्ही जवळजवळ धावत होतो, एकमेकांच्या खांद्यांना धरून, पाचही जण एका ओळीत, ‘होय म्हाराजा’ असे ओरडत.

मोठा पुतण्या आज हयात आहे. स्मरणिका आल्यावर मी त्याला फोन केला. तो म्हणाला, त्याला एवढेच आठवते, की वर धुके होते आणि कोण कुठे गेले ते कोणालाच दिसत नव्हते. धुके! कार्तिकात, भर दुपारी! ज्याला दरीपलीकडून भाकऱ्यांचे गाठोडे दिसले, त्याला धुके आठवते. त्याच्या साक्षीवर मी जास्त बोलत नाही.

संध्याकाळच्या गाडीने गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माझे घर स्टँडपासून सर्वांत जवळचे, म्हणून पाचही जण पाणी प्यायला आमच्या खळ्यात आले. बाप पायरीवर बसला होता. मी पुढे झालो, पण विचारण्याऐवजी पाय धुऊ लागलो. विचारले आणि तो ‘नाय दिसलो’ म्हणाला तर? माझ्या आईने तांब्या आणला, तो आधी दुकानदाराच्या मुलाच्या हातात दिला. तो पाणी पीत होता. अजून कोणी डोंगराबद्दल अक्षरही बोललेले नव्हते, आरशाबद्दल तर नाहीच.

बापाने माझ्याकडे पाहिले, मग बाकीच्यांकडे, आणि विचारले, “मदीच उजेड खंय गेल्लो रे? माका वाटला, पडलास काय काय.”

सलूनवाल्याने आपल्या भांगावरून हात फिरवला. मी सांगितले. बापाचे आधी खांदे हलायला लागले, आणि मग तो असा हसला की शेजारचे कुंपणाशी आले. “केस इंचरूक!” तो म्हणत होता. “माझ्या धाकल्यार जाव्न केस इंचरूक!” दुकानदाराच्या मुलाला तर हसताना पाण्याचा ठसका लागला. नंतर मरेपर्यंत माझा बाप होडीवर नव्या माणसाला खूण शिकवताना आधी धाकटा दाखवी आणि सांगे, थंय माझो झील, ह्यो मास्तर, उभो ऱवलेलो, मी हयसून बघलंय.

माझा मित्र म्हणेल, कोण कुठे होते याला पुरावा काय. मी डोळ्यांवर विसंबत नाही, त्याच्याही नाही आणि माझ्याही नाही. माडाएवढ्या उंचीवर वादही घालत नाही. माझ्या बापाने त्या दुपारी समुद्रावरून आरसा पाहिला, तो मध्येच विझला हेसुद्धा पाहिले, हे तुझ्यादेखत, तुझ्या हातात तांब्या असताना झाले. आणि खिंडीतून समुद्र दिसत नाही.